वर्तुळाचा वाटा की त्रिज्येचे माप? कोनमापनाच्या प्रश्नाचा आढावा

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणचा फाटा लागतो. या फाट्यापासून समुद्रापर्यंतचा पट्टा नकाशावर लहान दिसतो, पण कोन आणि वर्तुळ मोजण्याच्या कितीतरी पद्धती तिथे एकाच वेळी वापरात आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य सरकारकडे आहे. हा सागरी मैल म्हणजे मुळात पृथ्वीच्या महावर्तुळावरची एक कला (अंशाचा साठावा भाग), आज ठरवून १८५२ मीटर धरलेली. महामार्गाच्या सोबतीने जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना वळण अंशांत सांगतात आणि चढ ‘दीडशेला एक’ अशा गुणोत्तरात. जमिनीच्या मोजणीत शंकू-साखळीची जुनी पद्धत काटकोनापलीकडचा कोन मोजतच नव्हती. आताचे मोजणीयंत्र अंश, कला आणि विकला (कलेचा साठावा भाग) दाखवते. घरोघरचे पंचांग चंद्र-सूर्यातले अंतर बारा-बारा अंशांनी तोडून तिथी ठरवते. शाळेत दहावीपर्यंत कोन अंशांत असतो आणि अकरावीच्या वर्गात पहिल्याच प्रकरणात तो रेडियनमध्ये जातो. एकाच राशीची इतकी मापे का, त्यांतले कोणते मूळचे आणि कोणते सोयीचे, आणि ‘कोन’ ही मोजण्यासारखी स्वतंत्र राशी आहे की नुसते गुणोत्तर, हे प्रश्न जुने आहेत आणि त्यांतले काही अजून मिटलेले नाहीत. या वादांत आज कोण कुठे उभे आहे याची मांडणी पुढे केली आहे.

सुरुवातीलाच एक भेद पक्का करायला हवा, कारण पुढचे बहुतेक मतभेद तो विसरण्यातून निघतात. कोन दोन रीतींनी मोजता येतो. पहिली रीत वाट्याची: पूर्ण फेरा घ्यायचा आणि हा कोन त्याचा कितवा भाग ते सांगायचे. अंश, काटकोन, फेरा ही सगळी वाट्याची मापे. दुसरी रीत लांबीची: कोनाच्या शिरोबिंदूभोवती वर्तुळ काढायचे, कोनाच्या भुजांमधल्या कंसाची लांबी त्रिज्येने भागायची आणि येणारी संख्या हेच माप मानायचे. रेडियन हे या रीतीचे माप. पहिल्या रीतीत त्रिज्या लागत नाही, दुसरीत ती लागते. या दोन रीतींमधला पूल म्हणजे परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, ज्याला आपण ‘पाय’ म्हणतो. कोनमापनाचा इतिहास या पुलावरून दोन्ही बाजूंनी झालेल्या ये-जेचा इतिहास आहे.

३६० कुठून आले

फेऱ्याचे ३६० भाग करण्याची चाल बाबिलोनच्या ज्योतिषातून ग्रीकांकडे आणि पुढे भारतासह सर्वत्र गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाबिलोनची अंकपद्धती साठच्या पायावरची होती आणि तिथे राशिचक्राचे बारा भाग, प्रत्येकाचे तीस अंश, अशी विभागणी होती. ३६०च का, यावर मात्र एकमत नाही. एक मत वर्षाच्या ३६० दिवसांच्या स्थूल हिशेबाकडे बोट दाखवते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातही बारा आऱ्यांच्या आणि ३६० खुंट्यांच्या चक्राचा उल्लेख आहे. तो वर्षाचा आहे, कोनाचा नव्हे, एवढे लक्षात ठेवून तो वाचला पाहिजे. दुसरे मत भूमितीचे: त्रिज्येएवढी जीवा वर्तुळात बरोबर सहा वेळा बसते आणि त्या प्रत्येक भागाचे साठ केले की ३६० होतात. तिसरे मत निव्वळ सोयीचे: ३६० या संख्येला २४ विभाजक आहेत, त्यामुळे अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा असा कोणताही नेहमीचा वाटा पूर्णांकात निघतो.

तरीही अंशाशिवाय भूमिती अडत नव्हती, ही गोष्ट या चर्चेत पुन्हा पुन्हा आठवावी लागते. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’त अंश हा शब्दच नाही. त्याचे एकमेव कोनमाप काटकोन. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन. इराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढताना मोजलेला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग असा मांडला आणि दोन गावांमधल्या अंतराला पन्नासाने गुणले. आपल्या भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हीच युक्ती दिली आहे: एकाच दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन नगरांतले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या आणि त्रैराशिकाने सगळ्या चक्राचा परीघ काढा. त्यांच्या हिशेबाने तो ४९६७ योजने आला. या रीतीत वाटा तेवढा लागतो; फेऱ्याचे तुकडे ३६० केले की ४००, याने उत्तर बदलत नाही.

अंशाच्या वाट्याला एक अडचण मूळचीच आहे. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी एक अंशाचा कोन काढता येत नाही. पूर्ण अंशांचे जे कोन काढता येतात ते सगळे तीनच्या पटीतले असतात. कोनाचे तीन समान भाग या साधनांनी सर्वत्र करता येत नाहीत हे वँट्झेलने १८३७मध्ये सिद्ध केले आणि एक अंशाची अडचण त्याचीच एक बाजू आहे. म्हणजे ज्या कोनमापकावर मुले अंश वाचतात, त्यावरची एक-एक अंशाची खूण शुद्ध भूमितीतून येत नाही, अंदाज साधत-साधत येते. टॉलेमीलाही आपल्या जीवांच्या कोष्टकासाठी एका अंशाची जीवा अशीच दोन्ही बाजूंनी जखडून काढावी लागली होती.

परीघ आणि त्रिज्या एकाच मापात

भारतीय ज्योतिषाने या ठिकाणी वेगळी वाट धरली आणि आजच्या वादाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे पाय ३.१४१६. त्याच्या ‘ज्यां’च्या (म्हणजे अर्ध्या जीवांच्या, आजच्या साइनच्या) कोष्टकात परिघाच्या २१,६०० कला आहेत आणि त्रिज्याही कलांतच मोजलेली आहे: ३४३८. या आकड्याला त्याच्याच गुणोत्तराचा आधार आहे, २१,६००ला ६.२८३२ने भागले की ३४३८च्या अगदी जवळची संख्या येते. परीघ आणि त्रिज्या एकाच एककात बसवण्याचा हा विचार आहे आणि रेडियनच्या मुळाशी नेमका तोच विचार आहे. फरक इतकाच की रेडियनमध्ये त्रिज्या १ धरतात आणि आर्यभटाने ती ३४३८ धरली.

या निवडीचा फायदा कोष्टकाच्या पहिल्याच ओळीत दिसतो. चतुर्थांशाचे चोवीस भाग केले की प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा होतो. आर्यभटाची पहिली ज्याही २२५च आहे. लहान कोनाचा कंस आणि त्याची ज्या व्यवहारात एकच, हे सत्य इथे गुणकाशिवाय उघडे पडते. शिवाय हे चोवीस भाग सहज निवडलेले नाहीत: तीस अंश तीनदा निम्मे केले की ३ अंश ४५ कलाच उरतात, म्हणजे हा कोन भूमितीने काढता येणारा आहे. टॉलेमीने आपल्या कोष्टकात त्रिज्या ६० भागांची धरली. परिघाचे भाग आणि त्रिज्येचे भाग तिथे वेगवेगळे राहिले. दोन्ही पद्धतींनी काम चोख होते, पण बारीक फरकांचा हिशेब करायचा तर आर्यभटाची पद्धत सरळ पडते.

भास्कराचार्यांनी तो हिशेब केला. सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविडचे आपण, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७चा शिलालेख त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद देतो. १९व्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. ‘लीलावती’त पायची दोन मूल्ये दिली आहेत: सूक्ष्म ३९२७ भागिले १२५० आणि व्यवहारासाठी स्थूल २२ भागिले ७. दोन मापे वापरण्यात काही चूक नाही, कामाप्रमाणे माप निवडावे, ही भूमिका त्यांनी ११५०मध्येच घेतलेली दिसते. ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येतील बारीक फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो हेही त्यांनी वापरले. पुढे केरळात संगमग्रामच्या माधवाने कंसाची लांबी अनंत पदांच्या बेरजेने काढली आणि पायचे मूल्य दशांश चिन्हानंतर दहा स्थळांपर्यंत अचूक मिळवले. ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषे’त या रीतींच्या उपपत्ती आहेत. परीघ आणि व्यास यांना एकच माप नेमके का लागू पडत नाही, हा प्रश्न नीलकंठ सोमयाजीने उपस्थित केला होता. ते गुणोत्तर अपरिमेय असल्याचे लॅम्बर्टने १८व्या शतकात आणि बीजातीत असल्याचे लिंडेमनने १८८२मध्ये सिद्ध केले. वर्तुळाचे चौरसीकरण हा प्रश्न तिथे कायमचा मिटला. कोणत्या रीतीने मोजावे हा प्रश्न मात्र त्यामुळे मिटला नाही, उलट टोकदार झाला: वाट्याचे माप आणि लांबीचे माप एकाच वेळी पूर्णांकांत सुटणार नाही, हे आता पक्के झाले.

मोजायला सुरुवात कुठून

वर्तुळाला टोक नसते, त्यामुळे त्यावर मोजायचे तर आरंभबिंदू ठरवावा लागतो. महाराष्ट्रात यावर एक मोठा आणि विद्वत्तापूर्ण वाद झाला, तो पंचांगाच्या निमित्ताने. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७मध्ये, म्हणजे १८६५च्या सुमारास, सूक्ष्म गणिताचे नवे पंचांग सुरू केले. पुढे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला आणि लोकमान्य टिळकांचा पक्षही तोच. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानणाऱ्या पक्षाला गणिती बळ दिले. तिसरा पक्ष सायनवाद्यांचा: आरंभ वसंतसंपातापासूनच हवा, कारण ऋतू त्याच्याशी बांधलेले आहेत. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित या मताचे होते आणि १८९६च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी तिन्ही पक्षांची बाजू तपशिलाने मांडली. संपात वर्षाला सुमारे ५० विकला सरकतो, म्हणून आरंभ कुठे धरावा हा प्रश्न दर पिढीत पुन्हा उभा राहतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५च्या अहवालात चित्रापक्षाला धरून २१ मार्च १९५६ रोजीचा अयनांश (वसंतसंपातापासून या आरंभबिंदूपर्यंतचा कोन) २३ अंश १५ कला ठरवला.

कोनमापनाच्या दृष्टीने या वादातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. रेवतीपक्ष आणि चित्रापक्ष यांच्या आरंभात सुमारे चार अंशांचा फरक आहे. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो, म्हणून रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास आणि इतर पंचांगांची १४ किंवा १५ जानेवारीला येते. कधी अधिक महिनाही वेगळा पडतो. तिथीवर मात्र या चार अंशांचा काहीही परिणाम होत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या स्थानांतली वजाबाकी, आणि दोघांचा आरंभ सारखाच सरकवला तर वजाबाकी तीच राहते. म्हणजे कोनांच्या मापात काही गोष्टी संकेतावर अवलंबून असतात आणि काही नसतात. संक्रांत संकेतावर अवलंबून आहे, तिथी नाही. हीच कसोटी एककांच्या वादालाही लावता येते.

वर्गातला कंस

दहावीच्या भूमितीत आंतरलिखित कोनाचे प्रमेय शिकवतात: आंतरलिखित कोनाचे माप त्याने आंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातले विसावे विधान याचेच मूळ रूप. फरक असा की युक्लिड कंसाचे माप बोलत नाही, केंद्रातला कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट असे म्हणतो. आंतरलिखित कोन विशालकोन असेल तर केंद्रातला कोन १८० अंशांच्या पलीकडे जातो आणि युक्लिडच्या भाषेत तो कोनच ठरत नाही. कंसाला माप देण्याने ही अडचण दूर होते, कारण विशालकंसाचे माप ३६०मधून लघुकंसाचे माप वजा करून मिळते. चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज १८० अंश का, याचे उत्तर मग एका ओळीत येते: दोघांचे कंस मिळून पुरा फेरा होतो, त्याचे निम्मे.

या सोयीची किंमतही आहे. कंसाचे माप ६० अंश आणि कंसाची लांबी २२ सेंटिमीटर, अशी एकाच आकृतीची दोन मापे विद्यार्थ्यासमोर येतात. पहिले वाट्याचे, दुसरे लांबीचे. समकेंद्री वर्तुळांत एकाच केंद्रीय कोनाने तोडलेल्या कंसांचे माप सारखे आणि लांबी वेगळी असते, म्हणून दोन कंस एकरूप ठरायला मापाबरोबर त्रिज्याही सारखी लागते. लांबीचे सूत्र महत्त्वमापनाच्या प्रकरणात येते आणि तिथे ते स्वतंत्र सूत्र म्हणून पाठ होते. कंस भागिले त्रिज्या ही संख्या वर्तुळ लहान असो वा मोठे, तीच राहते, हे दहावीच्या विद्यार्थ्याला त्या दोन प्रकरणांतून दिसू शकते, पण रेडियनची ओळख अकरावीपर्यंत थांबते. यावर शिक्षणाच्या बाजूने दोन मते आहेत. एक म्हणते, कोनाची पहिली कल्पना घट्ट होईपर्यंत दुसरे माप आणू नये, कारण लहान मुले भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला असे समजतात, आणि लांबीची भाषा आणली तर तो गैरसमज वाढेल. दुसरे म्हणते, लांबीची भाषा टाळल्यानेच तो गैरसमज टिकतो. कंस वाढतो तशी त्रिज्याही वाढते आणि भागाकार तसाच राहतो, हे दाखवले तरच तो जातो. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि या बाबतीत अंतिम निवाडा झालेला नाही.

जमिनीवरची मापे

वाट्याच्या मापाची खरी ताकद निरीक्षणात आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासजवळ केली. तो १८२३मध्ये वर्ध्याच्या हिंगणघाटला काम करता करताच वारला आणि त्याची कबर तिथे आहे. त्याच्या मोठ्या थिओडोलाइटचे आडवे चक्र ३६ इंच व्यासाचे होते. इतक्या मोठ्या चक्रावरही एक विकला म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढी लांबी, म्हणून चक्र समान भागांत कोरणे हीच यंत्र बनवणाऱ्याची कसोटी असे. समान भागांत कोरता येतील अशी मापेच चक्रावर चालतात; एक रेडियन फेऱ्यात पूर्ण वेळा बसत नाही, त्यामुळे त्याची खूण कोरून फेरा बंद करता येत नाही. याच सर्वेक्षणात दुसरी गोष्टही दिसते. पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून थोडी जास्त येते. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात ती एका विकलेने वाढते. गावच्या मोजणीत हे दुर्लक्षित करता येते, देशाच्या मोजणीत नाही.

रेल्वेचे वळण हा लांबी आणि वाटा यांच्या संगमाचा चांगला नमुना आहे. भारतीय रेल्वेत वळणाचा ‘अंश’ म्हणजे ३०.५ मीटरच्या जीवेने केंद्राशी केलेला कोन, आणि व्यवहारात १७५०ला मीटरमधल्या त्रिज्येने भागले की तो मिळतो. कोकण रेल्वेची आखणी १२५० मीटर त्रिज्या धरून झाली, म्हणजे १.४ अंशाचे वळण. तिचा चढ दीडशेला एक, म्हणजे सुमारे २३ कला; पण इंजिनाला ओढायच्या भाराचा हिशेब गुणोत्तरातच सोपा जातो, म्हणून तिथे अंश कोणी वापरत नाही. वळणाच्या अंशामागे भूमितीतला एक जुना वादही दडलेला आहे. स्पर्शिका आणि वर्तुळ यांच्यामधली फट हा कोन आहे का? युक्लिडने ती कोणत्याही सरळ रेषांच्या लघुकोनाहून लहान म्हटली. १६व्या शतकात पेलेतिए आणि क्लाव्हियस यांच्यात त्यावर कडाक्याचा वाद झाला. पेलेतिएच्या मते तो कोनच नव्हे, क्लाव्हियसच्या मते ती वेगळ्या जातीची राशी. आजचे उत्तर दोघांनाही काही देते: कोन शून्य, पण वक्रता शून्य नाही, आणि ती त्रिज्येच्या व्यस्तात मोजतात. रेल्वेचा वळणाचा अंश हे त्या वक्रतेचेच कामकाजी माप आहे.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका दशमानवाद्यांची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात काटकोनाचे १०० भाग करून ग्रेडची पद्धत आली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर १०,००० किलोमीटर धरले की एका ग्रेडला १०० किलोमीटर पडतात. युरोपातल्या भूमापनात ती टिकली, इतरत्र रुजली नाही. तिच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप भूमितीचा आहे: समभुज त्रिकोणाचा कोन ग्रेडमध्ये ६६ पूर्णांक दोन तृतीयांश येतो, आणि शाळेतली निम्मी भूमिती त्या कोनावर उभी आहे.

दुसरी भूमिका रेडियनवाद्यांची. रॉजर कोट्सने १७१४च्या लेखनात ही कल्पना वापरली, आणि रेडियन हे नाव १८७३मध्ये जेम्स थॉमसनने बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेत छापले. त्यांचा युक्तिवाद बळकट आहे: साइनचे विकलन कोसाइन येते ते फक्त रेडियनमध्ये, अंशांत प्रत्येक वेळी ०.०१७४५चा गुणक मागे लागतो. आर्यभटाच्या पहिल्या ओळीतला २२५चा जोडीदार २२५ हेच सांगत होता. यावरून काहीजण रेडियन हेच नैसर्गिक आणि अंश निव्वळ रूढी असे म्हणतात. या निष्कर्षाला मर्यादा आहे. कंस भागिले त्रिज्या हे गुणोत्तर सपाट प्रतलावरच स्थिर असते. पृथ्वीच्या पृष्ठावर उत्तर ध्रुव केंद्र धरून विषुववृत्त हे वर्तुळ घ्या: पृष्ठावरून मोजलेली त्रिज्या सुमारे १०,००० किलोमीटर आणि परीघ सुमारे ४०,०००. इथे परीघ भागिले त्रिज्या ४ येते, ६.२८ नाही. फेऱ्याचा वाटा मात्र कोणत्याही पृष्ठावर वाटाच राहतो. म्हणून रेडियन स्वाभाविक आहे ते अगदी लहान वर्तुळांच्या मर्यादेत आणि विकलनाच्या कामात. मूळची कल्पना फेऱ्याची आहे, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल.

तिसरी भूमिका टाऊवाद्यांची. बॉब पाले यांनी २००१मध्ये आणि मायकेल हार्टल यांनी २०१०मध्ये मांडले की वर्तुळाची व्याख्या त्रिज्येने होते, मग स्थिरांकही परीघ भागिले त्रिज्या, म्हणजे ६.२८..., हाच हवा. त्याला टाऊ म्हणावे. मग पाव फेरा म्हणजे पाव टाऊ, आणि वाटा व लांबी एकाच चिन्हात दिसतात. विरोधक म्हणतात की क्षेत्रफळाच्या सूत्रात पाय सुटसुटीत आहे आणि तीन शतकांची रूढी मोडण्याइतका लाभ नाही. शिकवण्याच्या दृष्टीने टाऊची बाजू विचारात घेण्याजोगी आहे, पण गणिताच्या सत्यात त्याने काहीच बदलत नाही.

चौथा वाद मापनशास्त्रातला आणि सर्वांत गंभीर आहे: कोनाला परिमाण आहे का? १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत रेडियनला मूळ आणि साधित यांच्या मध्ये ‘पूरक’ असा वर्ग दिला गेला. १९९५मध्ये तो वर्ग रद्द होऊन रेडियन हे परिमाणरहित साधित एकक ठरले. अंश, कला, विकला बाहेरची पण स्वीकृत एकके म्हणून राहिली. या निर्णयाच्या बाजूने सरळ युक्तिवाद आहे: लांबी भागिले लांबी, उरते ती संख्या. विरोधी बाजू म्हणते की मग सेकंदाला एक फेरा आणि सेकंदाला एक रेडियन या दोघांचे परिमाण एकच ठरते आणि ६.२८ पटीची चूक तपासणीत सापडत नाही. ऊर्जा आणि आघूर्ण यांची एककेही सारखी दिसतात. म्हणून कोनाला स्वतंत्र परिमाण द्यावे, सूत्रांत एक स्थिरांक वाढला तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. मधला पक्ष सूत्रे तशीच ठेवून एकक प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिण्याचा आग्रह धरतो. ‘मेट्रोलॉजिया’सारख्या नियतकालिकांत गेल्या दशकभरात यावर बरीच चर्चा झाली आहे आणि ती संपलेली नाही.

काय ठरले, काय उरले

संक्रांत आणि तिथीची कसोटी इथे लावली तर चित्र बरेच स्वच्छ होते. आंतरलिखित कोन कंसाच्या निम्मा असणे, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असणे, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून अर्धा फेरा होणे, या गोष्टी कोणत्याही एककात तशाच राहतात. त्या वर्तुळाच्या आहेत. ३६०, ४००, रेवती की चित्रा, पाय की टाऊ, हे संकेत आहेत. त्यांत सोय-गैरसोय असते, खरे-खोटे नसते. तिसरा वर्ग मधला: विकलनातला गुणक, लहान कोनाची ज्या, परिमाणाची तपासणी. इथे एकक बदलले की सूत्राचा चेहरा बदलतो, म्हणून वाद तिथेच राहतो. ‘सगळे एककच तर आहे’ असे म्हणून तो झटकता येत नाही आणि ‘एकच माप खरे’ असे म्हणून मिटवताही येत नाही. ३६०चे मूळ, कोनाचे परिमाण आणि रेडियन कोणत्या इयत्तेत आणावा, हे तीन प्रश्न आज खुले आहेत.

त्यांतला तिसरा प्रश्न आपल्या हातातला आहे. फेऱ्याचा वाटा ही कोनाची पहिली ओळख असावी आणि अंश त्यासाठी पुरेसा आहे. पण कंस भागिले त्रिज्या हे गुणोत्तर दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणातच, नाव न घेता का होईना, करून पाहायला द्यावे, म्हणजे अकरावीला रेडियन परका वाटणार नाही. दोन मापे ठेवण्यात गोंधळ नाही. कोणते वापरले ते न सांगण्यात आहे. भास्कराचार्यांनी सूक्ष्म आणि स्थूल ही दोन्ही मूल्ये देताना कोणते कशासाठी ते सांगितले होते. शिक्षकांनी, पाठ्यपुस्तककारांनी आणि मोजणी करणाऱ्यांनी एवढा नियम पाळावा: कोनाचा आकडा लिहिला की त्याच्या पुढे त्याचे एकक लिहावे.